मदत हवी आहे : राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत कोणाला मत देणार, असे आपल्या आमदारांना लेखी विचारता येते का?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची रहिवासी आहे आणि आमच्या वाचक मंडळाच्या वतीने हा धागा काढत आहे. विद्यमान राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. त्यांची पाच वर्षांची मुदत जुलै २०२७ मध्ये संपते आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ६२ नुसार त्याआधी पुढील राष्ट्रपतींची निवडणूक पूर्ण व्हावी लागते. या निवडणुकीत आपण मतदान केंद्रावर जात नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या, तसेच दिल्ली व पुदुच्चेरीच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मतदान करतात. परंतु ज्यांना आपण निवडून दिले त्या आमदारांना याबाबत काही विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे का, आणि असल्यास तो कुठपर्यंत, यावर मंडळात इतके मतभेद झाले की जाणकारांचा सल्ला घ्यावा असे सर्वानुमते ठरले.

मंडळात नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम आणि देवळाली या चारही विधानसभा मतदारसंघांतील मतदार आहेत. उमेदवार निश्चित झाल्यावर चारही आमदारांना एकच निवेदन द्यावे, आपण कोणाला पाठिंबा देणार आहात आणि त्यामागे काय विचार आहे हे त्यात नम्रपणे विचारावे, असा प्रस्ताव मी मांडला होता. त्यावर मंडळातील एक ज्येष्ठ काका म्हणाले की हे मतदान गुप्त असते, म्हणून असा प्रश्न विचारणेच बेकायदा आहे. दुसऱ्या एका काकूंचे म्हणणे असे की पक्ष सांगेल तिथे आमदार मत टाकणार, मग पत्र लिहून कागद वाया कशाला घालवायचा? तिसरा आक्षेप एका महाविद्यालयीन मुलाने घेतला आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

त्याने फळ्यावर गणित मांडले. आमदाराच्या मताचे मूल्य काढताना राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेतील निवडून येणाऱ्या सदस्यांच्या संख्येने भागतात आणि येणाऱ्या उत्तराला पुन्हा एक हजाराने भागतात. महाराष्ट्रासाठी धरलेली लोकसंख्या आहे ५,०४,१२,२३५ आणि सदस्य आहेत २८८. त्यावरून मूल्य येते १७५. हा लोकसंख्येचा आकडा १९७१ च्या जनगणनेतला आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. ती धरली असती तर हेच मूल्य ३९० झाले असते. मग त्याने विचारले, "या १७५ मध्ये मी कुठे आहे?" खोलीत बसलेल्यांपैकी ज्यांचा जन्म १९७१ च्या जनगणनेआधी झाला होता, ते त्या शिरगणतीत मोजले गेले आणि त्यांचा भार आजही प्रत्येक आमदाराच्या मतात आहे, हा मुलगा आणि त्याच्या वयाचे सगळे जण मात्र त्या मतात कुठेच नाहीत. त्याला काय उत्तर द्यावे, हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही.

मला स्वतःला असे वाटते की १९७१ चा आकडा गोठवण्यामागे सबळ कारण आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनापासून राबवले त्यांचे वजन त्यामुळे घटू नये, हा त्यामागचा हेतू होता. तमिळनाडूच्या आमदाराचे मूल्य १७६ आहे, म्हणजे आपल्यापेक्षा एकाने जास्त. २०११ चे आकडे लावले तर आपले ३९० होते आणि त्यांचे जेमतेम ३०८. हा फरक त्या राज्याला शिक्षेसारखा वाटला असता. तरीही त्या मुलाची तक्रार मला खोटी वाटत नाही, आणि राज्यघटनेत याविषयी पुढे काय ठरले आहे हे त्याला नीट सांगता यावे अशी इच्छा आहे.

याच गणितातून मला हुरूप देणारी एक गोष्टही निघाली. २०२२ मध्ये एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. आमच्या चार आमदारांचे मिळून बरोबर ७०० होते. म्हणजे आमच्या निवेदनावर चौघांनी गांभीर्याने विचार केला, तर एका खासदाराइतक्या वजनाच्या मताला आम्ही प्रश्न विचारला असे होईल. नाशिक जिल्ह्यातील पंधराही आमदारांचे मिळून २,६२५ होतात, त्यामुळे इगतपुरीपासून मालेगावपर्यंतच्या वाचक मंडळांनी असेच पत्र लिहावे असे माझ्या मनात आहे.

आता माझे प्रश्न. असे निवेदन देणे कायद्याला धरून आहे का? आमदार खरोखरच पक्षाच्या आदेशाने बांधलेले असतात का? पत्रात काय लिहावे आणि काय कटाक्षाने टाळावे? शिवाय मंडळातील एक सदस्य, ज्यांचे वय पन्नाशीच्या पुढे आहे, स्वतः उमेदवारी अर्ज भरण्याचा विचार गंभीरपणे करत आहेत. त्यांना काय सांगावे? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद

नमस्कार ताई. आपल्या काकांची शंका अर्धी बरोबर आहे. अनुच्छेद ५५ मध्येच हे मतदान गुप्त पद्धतीने होईल असे म्हटले आहे. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाचा आमदार आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवतो, तसे इथे चालत नाही. परंतु ही गुप्तता मतपत्रिकेची आहे, विचारांची नाही. मतदानापूर्वी पक्ष आणि नेते आपला पाठिंबा उघडपणे जाहीर करतातच. मग मतदाराने आपल्या आमदाराला तोच प्रश्न विचारला तर त्यात बेकायदा काही नाही. उत्तर द्यायचे की नाही हा त्यांचा अधिकार आहे. मतदान झाल्यावर मात्र "तुम्ही खरेच कोणाला मत दिले?" असे विचारत बसू नये. मतमोजणीनंतर राज्यनिहाय आकडे बाहेर येतात, त्यावरून महाराष्ट्राने काय केले हे कळते. अमुक आमदाराने काय केले हे कळत नाही आणि कळूही नये.

काकूंना मात्र आवर्जून सांगा की या निवडणुकीत पक्षाला व्हिप, म्हणजे अमक्यालाच मत द्या असा बंधनकारक आदेश, काढता येत नाही. निवडणूक आयोगाने २०२२ चा कार्यक्रम जाहीर करतानाही हे स्पष्ट केले होते. आमदार आपल्या पक्षाचे ऐकतात ते निष्ठेने किंवा राजकीय हिशेबाने. कायदा त्यांना बांधत नाही. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर इथे आघाडीच्या भिंती या निवडणुकीत वारंवार ओलांडल्या गेल्या आहेत. २००७ मध्ये शिवसेना भाजपच्या आघाडीत होती, तरी समोरच्या बाजूच्या उमेदवार प्रतिभाताई पाटील यांना तिने पाठिंबा दिला, कारण मराठी व्यक्ती राष्ट्रपतिपदी बसत होती. २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने विरोधी आघाडीत असूनही यशवंत सिन्हा यांच्याऐवजी मुर्मू यांना पाठिंबा जाहीर केला. ज्या निवडणुकीत पक्षच असे वेगळे विचार करतात, तिथे मतदाराचे पत्र वाया जाते असे मी म्हणणार नाही.

प्रतिसाद

उमेदवारीविषयी थोडक्यात लिहितो. वय पस्तीस पूर्ण हवे, लोकसभेचा सदस्य होण्याची पात्रता हवी आणि लाभाचे पद नसावे. एवढे आपल्या सदस्यांकडे असेलच. लोकसभा मतदारसंघाच्या मतदार यादीतील आपल्या नोंदीची प्रमाणित प्रत अर्जासोबत जोडावी लागते. खरी अडचण पुढे आहे. अर्जावर पन्नास मतदार सूचक म्हणून आणि पन्नास अनुमोदक म्हणून लागतात, आणि इथे मतदार म्हणजे खासदार किंवा आमदार. अनामत रक्कम १५,००० रुपये आहे. एक आमदार एकाच उमेदवाराच्या अर्जावर सही करू शकतो, त्यामुळे जिल्ह्यातील पंधराच्या पंधरा आमदार राजी झाले तरी पंचाऐंशी सह्या उरतातच.

ही अट पूर्वी नव्हती. १९६७ मध्ये सतरा उमेदवार उभे होते आणि त्यांतील नऊ जणांना एकही मत मिळाले नाही. त्यानंतर १९७४ मध्ये दहा सूचक, दहा अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत असा नियम आला, आणि १९९७ मध्ये तो आजच्या आकड्यांवर नेला. गंमत म्हणून अर्ज भरणाऱ्यांना आवर घालणे मला पटते, पण पन्नास अधिक पन्नास ही अट सामान्य नागरिकाला दार बंद करते हेही तितकेच खरे आहे. आपल्या सदस्यांना परावृत्त करू नका, फक्त ही वस्तुस्थिती समोर ठेवा.

प्रतिसाद

ताई, पत्रात काय टाळावे याविषयी सांगते. १९६९ ची निवडणूक आठवा. नीलम संजीव रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते, इंदिरा गांधींनी सदसद्विवेकबुद्धीने मत देण्याचे आवाहन केले आणि व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर निवडून आले (या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीचा क्रम देतात). रेड्डींची बदनामी करणारे एक पत्रक त्या वेळी मतदारांमध्ये वाटले गेले होते, आणि त्यामुळे मतदारांवर गैरवाजवी प्रभाव पडला असा दावा करून निवडणुकीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. राष्ट्रपतिपदावर असलेले गिरी स्वतः साक्ष द्यायला न्यायालयात आले. याचिका पुढे फेटाळली गेली, परंतु धडा हा की या निवडणुकीत लाच आणि गैरवाजवी प्रभाव ही निवड रद्द होण्याची कारणे आहेत. म्हणून निवेदनात कोणत्याही उमेदवाराच्या चारित्र्याविषयी ऐकीव आरोप लिहू नका, आणि "अमक्याला मत दिले नाही तर पुढच्या निवडणुकीत बघून घेऊ" अशी भाषा तर मुळीच नको. प्रत्येक पत्राखाली सह्या करणाऱ्यांची नावे आणि मतदारसंघ लिहा. निनावी कागद कोणीही गांभीर्याने घेत नाही.

उमेदवारांविषयी विचारायचेच असेल तर पदाच्या कामाला धरून विचारा. एखाद्या पक्षाला स्पष्ट बहुमत नसेल तेव्हा सरकार स्थापनेसाठी कोणाला बोलवायचे, मंत्रिमंडळाने पाठवलेला प्रस्ताव फेरविचारासाठी परत कधी पाठवायचा, दयेच्या अर्जांवर किती काळात निर्णय व्हावा, या बाबतीत आपण ज्यांना मत देणार त्यांची भूमिका काय आहे असे आपल्या आमदारांना वाटते? हा प्रश्न आमदारालाही विचार करायला लावेल.

त्या मुलासाठी एक निरोप द्या. १९७१ चा आकडा कायमचा नाही. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तो गोठवला आहे. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्यामुळे जुलै २०२७ च्या आतल्या निवडणुकीत नवे आकडे लागू होणे कठीण दिसते. तरी त्या जनगणनेत तो मोजला जाणार आहे, आणि त्याचे आकडे प्रसिद्ध झाल्यावर होणाऱ्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आमदाराच्या मतात त्याचाही भार असेल. घरी प्रगणक येतील तेव्हा नोंद चुकवू नको म्हणावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या बैठकीत हे सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. काकांनी मतपत्रिकेची गुप्तता आणि पाठिंब्याविषयीचा प्रश्न यांतला फरक मान्य केला आणि निवेदनावर पहिली सही करण्याची तयारी दाखवली. अर्ज भरू इच्छिणाऱ्या सदस्यांनी तूर्त सह्या मिळतात का, हे आजमावण्याचे ठरवले आहे. त्या मुलाचे पूर्ण समाधान झालेले नाही. आपण मोजले जाऊ तेव्हा तमिळनाडूसारख्या राज्याचे वजन घटणार असेल तर ते न्याय्य आहे का, असा नवा प्रश्न त्याने विचारला आहे, आणि त्यावर आम्ही स्वतंत्र बैठक घेणार आहोत.

निवेदनाचा मुख्य भाग आम्ही असा केला आहे : "आम्ही आपल्या मतदारसंघातील मतदार आहोत. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत आपण ज्या मताचा वापर करणार आहात, त्याचे मूल्य राज्यातील जनतेच्या संख्येवरून ठरते. आपण कोणत्या उमेदवारास पाठिंबा देऊ इच्छिता आणि राज्यघटनेच्या रक्षणाच्या दृष्टीने त्यांची कोणती पात्रता आपणांस महत्त्वाची वाटते, हे कळवल्यास आम्ही आभारी राहू. आपल्या मतदानाची गुप्तता आम्हांस पूर्णतः मान्य असून उत्तर देण्याचे कोणतेही बंधन आपणांवर नाही."

यातील "उत्तर देण्याचे बंधन नाही" हे वाक्य काढून टाकावे, त्यामुळे आमदारांना पळवाट मिळते, असे दोघा जणांचे म्हणणे आहे. मला ते ठेवावेसे वाटते. आपले मत कळवावे. तसेच निवेदन संपर्क कार्यालयात हातोहात देऊन पोच घ्यावी की टपालाने पाठवावे, याविषयी कोणाचा अनुभव असल्यास तोही लिहावा.