बासेल: तीन देशांचं एक शहर म्हणावं का?

ऱ्हाइनकाठ: बासेल स्वित्झर्लंडचं, पण शहर सरहद्दीपाशी थांबत नाही. विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे आणि १९४९च्या करारानुसार दोन्ही देश मिळून तो चालवतात. ट्रामही पलीकडे जाते: ८ नंबरची २०१४पासून जर्मनीतल्या वाइलला, ३ नंबरची २०१७पासून फ्रान्समधल्या सँ-लुईला. सीमेवरच्या शहरांनी हाच कित्ता गिरवावा, असं माझं मत.

हिशेबनीस: शनिवारी त्या ८ नंबरमध्ये बसून बघा. जाताना रिकाम्या पिशव्या, येताना मांस, चीज, डायपर. मध्ये जर्मन कस्टमच्या खिडकीशी रांग, कारण हिरव्या पावतीवर शिक्का पडला की व्हॅट परत मिळतो. पगार स्विस, बाजार जर्मन! शेवटी स्विस सरकारने २०२५पासून माणशी करमुक्त खरेदीची मर्यादा ३०० फ्रँकवरून १५०वर आणली. याला सहकार्य म्हणायचं?

ऱ्हाइनकाठ: बाजारहाट म्हणा हवं तर. पण पैशाचाही करार आहे की. अल्सासमधून, म्हणजे शेजारच्या फ्रेंच प्रांतातून, रोज बासेलला कामाला येणारा माणूस आयकर फ्रान्सला भरतो, आणि फ्रान्स त्याच्या पगाराच्या ४.५ टक्के रक्कम स्विस कँटनला, म्हणजे तिथल्या राज्याला, देतो. १९८३पासून.

हिशेबनीस: इथेच तर गोम आहे. तो आयकर पॅरिसच्या तिजोरीत जातो. शाळा, पाणी, रस्ते मात्र सँ-लुईच्या नगरपालिकेने बघायचे. जिनिव्हाचा १९७३चा करार बघा: तिथे कर जिनिव्हा घेतं आणि एकूण पगारांच्या ३.५ टक्के रक्कम शेजारच्या फ्रेंच जिल्ह्यांना देतं. कामगार राहतो तिथे पैसा पोचतो. बासेलने कित्ता द्यायच्या आधी तो घ्यावा.

परमिटवाला: बासेलमध्ये आयटीत आहे. आपल्या लोकांना हे 'एक शहर' अर्धंच लागू. युरोपियन सहकारी वाइलला स्वस्त घर घेऊन ट्रामने येतो. भारतीय पासपोर्टवर तसं करायला आधी जर्मनीत कायम राहण्याचा हक्क हवा. मग भरा बासेलचं भाडं.

कुंपणापलीकडे: आणि २०२० विसरलात? साथ आली तशी बासेलला लागून असलेल्या रीहेनच्या जर्मन हद्दीवर जाळीची कुंपणं उभी राहिली. कामावर जाणाऱ्यांना पलीकडे सोडत होते, भेटायला जाणाऱ्यांना नाही. जोडपी जाळीच्या दोन बाजूंना उभी राहून बोलत.

ऱ्हाइनकाठ: मग १९८६ही आठवा. १ नोव्हेंबरला बासेलजवळच्या श्वाइत्सरहालेतलं सँडोझ या रसायन कंपनीचं गोदाम जळलं, आग विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाइनमध्ये गेली, नदी लाल झाली, मासे मेले. विष थेट नेदरलँड्सपर्यंत गेलं. पुढच्याच वर्षी काठच्या देशांनी मिळून नदी सुधारायचा कार्यक्रम हाती घेतला. कुंपण घालून हे झालं असतं?

हिशेबनीस: नसतंच झालं. नदीबद्दल माझं भांडण नाही. पण तिथे नुकसान सगळ्यांचं होतं, म्हणून सगळे हलले. सँ-लुईच्या वाट्याचा पैसा मागायला पॅरिसच्या दारात कोण जाणार, तेवढं सांगा.