मदत हवी आहे: फ्रीबीएसडीच्या जेलमध्ये गेम रखडतोय

मंडळी, लॅपटॉपवर फ्रीबीएसडी १४ ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे, ग्राफिक्स एएमडीचं. कपाट आवरताना 'जीटीए व्हाइस सिटी'ची डिस्क सापडली (पीसीवर २००३ साली आलेला, म्हणजे ३२ बिटी) आणि हात शिवशिवायला लागले. वाइनमध्ये (विंडोजचे प्रोग्रॅम इथे चालवणारं सॉफ्टवेअर) थेट चालवला तर सुसाट पळतो.

भानगड मॉडची, म्हणजे गेममध्ये फेरफार करणाऱ्या जोडप्रोग्रॅमची आहे. मॉडची एक्सई कुठल्याशा साइटवरून उतरवलेली, आणि वाइन म्हणजे काही पिंजरा नव्हे. झेड ड्राइव्हवर माझी अख्खी फाइल सिस्टिम उघडी, लेकीच्या फोटोंपासून इन्कम टॅक्सच्या कागदांपर्यंत. म्हणून वेगळा जेल, म्हणजे सिस्टिमच्या आतच कुंपण घातलेला कप्पा बांधला. एक्सचं (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी व्यवस्था) सॉकेट, म्हणजे जोडणीचं दार, नलएफएसने आत माउंट केलं, ३२ बिटी वाइन आणि मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) 'पीकेजी३२' स्क्रिप्टने टाकले, डेव्हएफएसच्या ४ नंबरच्या रूलसेटवर (जेलला कुठली उपकरणं दिसावीत त्याचे नियम) स्वतःचा रूलसेट रचून त्यात ग्राफिक्स कार्डाचं 'डीआरआय' उघडं केलं.

गेम सुरू होतो, पण बाइकवर टांग टाकली की चित्र मोजून घ्यावं इतकं हळू. जेलमध्ये 'जीएलएक्सइन्फो' रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' दाखवतो, बाहेर मात्र व्यवस्थित एएमडीचं रेडिऑन. दोन रविवार गेले. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
एलएलव्हीएमपाइप म्हणजे सगळं चित्र सीपीयू रंगवतोय, मग रखडणारच. जेलमध्ये '/डेव्ह/डीआरआय'ची 'एलएस -एल' यादी काढून इथे टाका.

धागालेखक
'कार्ड०' दिसतंय, पुढे बाण आणि '../डीआरएम/०'.

प्रतिसाद १
मग सापडलं की! फ्रीबीएसडीत 'डीआरआय'मध्ये नुसत्या सिमलिंक (दुसरीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली) असतात, खरी उपकरणं 'डीआरएम'मध्ये. तुम्ही पाटी उघडी केलीत, दुकान बंदच. रूलसेटमध्ये 'डीआरएम' आणि 'डीआरएम/*' हे दोन्ही अनहाइड करा, डेव्हएफएस सेवा आणि मग जेल रीस्टार्ट करा. जेलमधला युजर 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये आहे ना, तेही बघा. आवाज हवा असेल तर 'डीएसपी*' पण लागेल.

धागालेखक
दादा, दंडवत! रेडिऑन दिसलं. दोन ओळींसाठी दोन रविवार.

प्रतिसाद २
रंगाचा बेरंग करत नाही, पण फाइली सुरक्षित झाल्या म्हणून निर्धास्त राहू नका. एक्सचं सॉकेट आत दिलंय ना? एक्स११मध्ये एका खिडकीतला प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत टाइप केलेलं वाचू शकतो, आणि इथे जेल आडवा येत नाही. मी अशा गेमसाठी दुसऱ्या व्हीटीवर (आभासी टर्मिनलवर) वेगळा एक्स सर्व्हर सुरू करतो आणि जेलला फक्त त्याचंच सॉकेट देतो.

धागालेखक
बापरे, परवाच शेजारच्या खिडकीत बँकेचं पान उघडं होतं. आधी पासवर्ड बदलतो. दुसऱ्या सर्व्हरसाठी एक्सऑथोरिटीची (सर्व्हरला जोडायच्या किल्लीची) फाइलही वेगळी लागेल ना?

प्रतिसाद २
हो, वेगळीच. आणि घाईत 'एक्सहोस्ट +' मारू नका, त्याने सर्व्हरचं दार सगळ्यांना उघडं होतं.