प्रोटीनच्या द्रव औषधासाठी कोणतं प्लास्टिक? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अँटिबॉडीचं (हे एक प्रोटीनच) एक द्रव औषध २ ते ८ अंश सेल्सिअसला प्रीफिल्ड, म्हणजे आधीच औषध भरलेल्या सिरिंजमध्ये ठेवायचंय. काचेच्या सिरिंजला आतून सिलिकॉन तेल लावलेलं असतं. त्याचे थेंब सुटले की प्रोटीनचे पुंजके व्हायची भीती, म्हणून प्लास्टिकचा विचार चाललाय.

पॉलिप्रॉपिलीन स्वस्त आहे, पण काचेसारखं नितळ नाही. तरंगणारे बारीक कण डोळ्यांनी तपासायचे तर पंचाईतच! सायक्लिक ओलेफिन पॉलिमर हे दुसरं प्लास्टिक नितळ, फुटायची भीती कमी. मात्र काचेच्या मानाने त्यातून ऑक्सिजन बराच आत येतो आणि आमच्या रेणूतलं मेथिओनिन (प्रोटीनमधलं एक अमिनो आम्ल) पटकन ऑक्सिडाइज होतं. शिवाय निर्जंतुकीकरणासाठी गॅमा किरण वापरले तर प्लास्टिकमध्ये फ्री रॅडिकल्स (ऑक्सिडेशन वाढवणारे अतिक्रियाशील कण) उरतात, म्हणजे आगीतून फुफाट्यात. माझा कल रिकामी सिरिंज वाफेने निर्जंतुक करण्याकडे आहे. या प्लास्टिकच्या सगळ्या ग्रेडना वाफेचं १२१ अंश सेल्सिअस तापमान झेपत नाही, हे ठाऊक आहे.

ऑक्सिजन शोषक टाकलेलं बाहेरचं पाकीट कुणी वापरलंय का? दीर्घ स्टॅबिलिटी चाचणीत (औषध किती काळ टिकतं ते बघताना) ते पुरतं का? आणि प्रोटीन भिंतीला चिकटू नये म्हणून पॉलिसॉर्बेट (साबणासारखं काम करणारा घटक) घातलंच आहे, तरी कमी मात्रेच्या डोसमध्ये प्रोटीनची घट दिसली का? रबरी स्टॉपरमधून औषधात उतरणाऱ्या पदार्थांबद्दलही सांगा. पुरवठादारांची माहितीपत्रकं वाचून झालीत, प्रत्यक्ष अनुभव हवाय.