नीट हुकली म्हणून काय झालं, केमिस्ट्री घेऊ दे की तिला!

वाशिष्ठीकाठ
भाचीची नीट हुकली. सरकारी मेडिकलपुरते मार्क नाहीत. घरात सध्या दोनच पर्याय चालू आहेत: फार्मसी, नाहीतर पुण्याच्या एका खासगी विद्यापीठात लाखांनी फी भरून बायोकेमिस्ट्री. ती म्हणते, रत्नागिरीत राहून मुंबई विद्यापीठाची साधी बी.एस्सी. करते, केमिस्ट्री घेऊन, आणि एम.एस्सी.ला बायोकेमिस्ट्रीकडे वळते. मी तिच्या बाजूने आहे. घरात एकटा पडलोय म्हणून इथे मांडतोय.

बायोकेमिस्ट्रीला पाया केमिस्ट्रीचाच लागतो. एम.टेक., पीएच.डी.च्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेचा लाइफ सायन्सेसचा पेपर बघा, त्यात केमिस्ट्री सगळ्यांना सक्तीची आणि बायोकेमिस्ट्री ऐच्छिक. शास्त्रज्ञ कमला सोहोनींनी 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. केली ती केमिस्ट्री-फिजिक्स घेऊन, आणि 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली ती बायोकेमिस्ट्रीत. परत येऊन कशावर काम केलं, तर नीरा आणि कडधान्यं, म्हणजे गरिबाच्या पोटात जाणाऱ्या अन्नावर. कोकम, काजू, मासळी अंगणात असलेल्या आपल्या मुलीने तो रस्ता का धरू नये?

लोटे_शिफ्ट_बी
दादा, कमलाबाईंबद्दल आदर आहेच, पण अर्धीच गोष्ट सांगू नका. त्यांचे वडील आणि काका दोघंही रसायनशास्त्र शिकलेले होते. घरात विचारायला माणूस होता. तुमच्या भाचीला आहे का कोणी?

मी याच विद्यापीठाचा बी.एस्सी. केमिस्ट्री, इथल्याच किनाऱ्यावरच्या एका कॉलेजातला. तीन वर्षांत एचपीएलसी मशीन, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, पाहिलं ते फळ्यावरच्या आकृतीत. लोट्याच्या एमआयडीसीत क्यूसीमध्ये, म्हणजे मालाच्या गुणवत्ता तपासणीत लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मोबाइल फेज (मशीनमधून सोडायचं द्रावण) डिगॅस करायची, म्हणजे त्यातली हवा काढायची राहिली. पंपात हवा गेली, प्रेशर वरखाली व्हायला लागलं, आलेखावरचा पीक (उंचवटा) जागेवरून सरकला. बॅच अडकली आणि मला कारणसुद्धा कळेना. शेजारच्या डिप्लोमावाल्या मुलाने येऊन अडकलेली हवा बाहेर काढायचा पर्ज व्हॉल्व्ह उघडला. त्या दिवशी माझ्या डिग्रीचा मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

फार्मसीला नावं ठेवण्याआधी आणखी एक बघा. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची शिकवणी फी माफ आहे. खासगी विद्यापीठाला ती सवलत नाही, त्यामुळे पुण्याचं सोडाच. फार्मसीचा मात्र नीट विचार करा. हातात लायसन्स तरी येतं.

आगळ
मी तासिका तत्त्वावर शिकवते, तेव्हा लॅबची दैना मला कोणी सांगायला नको. पण लोटेभाऊ, मशीन कंपनीतही शिकता येतं. समोर दिसतंय ते असं का, हा प्रश्न पडायची सवय मात्र लॅबमध्येच लावावी लागते.

गेल्या वर्षी मी घरचं आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला घट्ट रस, घेऊन गेले आणि म्हटलं, यातली आम्लता काढा. मुलांनी नेहमीसारखं फिनॉल्फ्थॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारं इंडिकेटर) टाकलं आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या काचनळीतून, सोडियम हायड्रॉक्साइड सोडायला लागली. गुलाबी रंग दिसेना, कारण द्रावण मुळातच लाल. आणखी थेंब पडले तसं ते काळपट-हिरवट व्हायला लागलं. सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेटचं रीडिंग, कुठला धरायचा? तिघांची तीन रीडिंगं. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कोकमच इंडिकेटर आहे की हे!" तिथून अँथोसायनिन, म्हणजे कोकमातलं लाल रंगद्रव्य, आलं, पीएच आला, मग आगळ भरपूर पातळ करून पीएच मीटर लावला. एकच मीटर होता, रांग लावून वापरला. ही मुलगी काजू फॅक्टरीतल्या बाईची. आईचे हात का सोलवटतात, आई बिया फोडताना हाताला खोबरेल का लावते, हे तिने स्वतःहून विचारलं. टरफलातल्या तेलातलं अ‍ॅनाकार्डिक आम्ल समजावताना माझा अख्खा तास गेला. सिलॅबसमध्ये ते नव्हतं.

सावंतवाडीकरीण
आमचा चेडू यंदा एफ.वाय.ला आसा, म्हणून लिहिते. मॅडम, तुमच्यासारख्या शिक्षिका नशिबाने मिळतात, आणि नशिबावर मुलीची चार वर्षं लावायची नाहीत. आमचं मुंबई विद्यापीठ 1857 चं, मोठ्या नावाचं, पण इथून जवळपास 500 किलोमीटरवर, मुंबईत कलिन्यात. कागदपत्रांतल्या लहानसहान दुरुस्तीसाठी पोरीच्या बाबांनी रात्रीची गाडी पकडायची. म्हणून कोकणाचं वेगळं विद्यापीठ हवं, हे मी ठामपणे म्हणते. कोकम-काजू तेव्हाच सिलॅबसमध्ये येतील.

वाशिष्ठीकाठ
वेगळं विद्यापीठ होईल तेव्हा होईल, भाचीचा प्रवेश याच महिन्यात आहे. आणि ताई, वेगळं झालं तरी शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरल्या नाहीत तर फक्त पाटी बदलेल. सरकारी शिक्षण बरं नाही म्हणून जो तो मूल काढून घेत गेला, तर त्या एका पीएच मीटरचे दोन कधी होणार? तिथे भांडायलाही कोणी उरणार नाही.

लोटे_शिफ्ट_बी
भांडायला माझी ना नाही, पण ते भांडण अठरा वर्षांच्या मुलीच्या जिवावर नको. पाठवायचंच असेल तर फॉर्म भरण्याआधी तिला लॅब दाखवा. एका बॅचला मुलं किती आणि चालू ब्युरेट किती, ते मोजा. फ्यूम हूडचा, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटाचा, पंखा सुरू करायला लावा. केमिस्ट्रीचे कायम शिक्षक किती, तेही विचारा. मॅडमच्या आगळाची गोष्ट वाचून जरा गलबललो, हे खरं. मला कोणी असं शिकवलं नाही.

दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत तिला कुठे क्यूसीमध्ये महिनाभर बसता येत असेल तर मला कळवा. आमच्याकडे विचारून बघतो. पर्ज व्हॉल्व्ह मी दाखवीन.

वाशिष्ठीकाठ
सोमवारी सकाळच्या एसटीने तिला घेऊन जातोय. ब्युरेट तीच मोजेल.