मदत हवी आहे : भूमिगत खाणीच्या सिम्युलेशनमध्ये डंपर समोरासमोर अडकतायत

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पायथनच्या सिमपायमध्ये (सिम्युलेशन करायची प्रोग्रामिंग लायब्ररी) भूमिगत खाणीतल्या वाहतुकीचं मॉडेल करतोय. आपल्या राधानगरी, शाहूवाडीकडच्या बॉक्साइट खाणी उघड्या, त्यामुळे खाली उतरून बघायची सोय जवळपास नाही.

मागच्या सत्रात साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची ऊसगाड्यांची रांग केली होती, ती छान चालली. इथं मात्र गाडं अडलंय. खाणीतला उताराचा रस्ता एकेरी, मध्येमध्ये बाजूला थांबायच्या जागा. मी रस्त्याचे तुकडे पाडून प्रत्येकात एकच गाडी ठेवली. भरलेला डंपर तिसऱ्या तुकड्यात, त्याला चौथा हवा. रिकामा चौथ्यात, त्याला तिसरा हवा. दोघंही जागचे हलत नाहीत आणि पुढची सगळी पाळी शून्य टन!

भरलेल्या गाडीला प्राधान्य देऊन पाहिलं, पण आत शिरलेली गाडी मागं येणार कशी? दोन थांब्यांमधला अख्खा पट्टा मिळाल्याशिवाय गाडी सोडायचीच नाही, हे बरोबर ठरेल का? मग एकाच दिशेच्या दोन गाड्या पाठोपाठ कशा सोडायच्या?

दुसरं, लोडिंगला नुसती सरासरी वेळ धरली की रांगच लागत नाही, हे मला पटत नाही. नागपूर-भंडाऱ्याच्या मॅंगनीज खाणींत काम केलेलं कुणी असेल, तर ब्लास्टिंगनंतर धूर निघेपर्यंतचा थांबा मॉडेलमध्ये कसा धरायचा तेही सांगा. महिनाअखेर सादरीकरण आहे.