मदत हवी आहे: दोन प्लेअरवर एकच भजन, तासाभरात मागेपुढे का होतं?

नमस्कार मंडळी, गुहागरला आमचं जुनं चिऱ्याचं घर आहे. आजोबांच्या भजनांच्या कॅसेटी मी मे महिन्यात डिजिटल करून घेतल्या आणि ओटीवर एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर), मागच्या खोलीत दुसरा, दोघांना स्वस्तातलं यूएसबी डॅक (डिजिटल फाइलीचा ऐकू येणारा आवाज करणारी डबी) असं लावलंय, कारण आजीला आता ओटीपर्यंत चालवत नाही पण गणपतीत भजन तिला सगळ्यांबरोबरच ऐकायचं असतं.

दोन्हीकडे त्याच फाइली कार्डावर, स्क्रिप्टने एकाच क्षणी सुरू होतात. पहिली दहा मिनिटं काही कळत नाही, मग झांज फाटायला लागते, माजघरात उभं राहिलं की एक ठोका पुढून आणि तोच परत मागून. परवा ट्रायल घेतली तर आजीने विचारलंन, "ओटीवर कोण रे मागाहून म्हणतंय?" फार वाईट वाटलं.

माजघरात मोबाइलवर रेकॉर्ड करून मोजलं, अर्ध्या तासाला 90 मिलिसेकंद, तासाला 180. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे ओटीवरचं भजन 60 मीटर लांबून आल्यासारखं, एवढं लांब आमचं घर नाही. वायफायचा तर संबंधच नाही आणि दोन्ही पाय एनटीपीवर (इंटरनेटवरून घड्याळ लावून घेणारी सोय) आहेत, वेळ जुळते. मग हे होतं कशाने?

प्रतिसाद 1: एनटीपी जुळवतं ते कॉम्प्युटरचं घड्याळ. गाणं बाहेर पडतं ते डॅकमधल्या क्रिस्टलच्या (ठरावीक वेगाने कंप पावणारा स्फटिक, डॅकचं स्वतःचं घड्याळ) तालावर, त्याला एनटीपीचा पत्ताच नसतो. तुमचे 180 मिलिसेकंद 3600 सेकंदांत, म्हणजे दहा लाखात 50 चा फरक, स्वस्त क्रिस्टलमध्ये एवढा असतोच, गरम-थंडीनेही थोडा हलतो. सेकंदाला 44,100 सॅम्पल (आवाजाची एकेक नोंद) असलेल्या फाइलीत हे सेकंदाला दोनच सॅम्पल होतात, पण साचत जातात. डॅक बदलून फरक कमी होईल, जाणार नाही. स्नॅपकास्ट (अनेक खोल्यांत एकच गाणं एकत्र वाजवणारं सॉफ्टवेअर) लावा, ओटीवरचा पाय सर्व्हर करा, म्हणजे भजन तिथून नेटवर्कवरून जाईल, आणि ते वाजवणारा क्लायंट दोन्हीवर. प्रत्येक तुकडा कधी वाजवायचा ती वेळ सोबत येते आणि क्लायंट मागेपुढे झाला की एखादं सॅम्पल गाळतो नाहीतर दोनदा वाजवतो, कानाला कळत नाही.

धागाकर्ता: खूप आभार, दोन सॅम्पल वाचून डोक्यात प्रकाश पडला. पण आजीच्या खोलीत वायफायची एकच काडी येते, मध्ये चिऱ्याच्या दोन भिंती. तुटक वाजेल का? भजन उशिरा सुरू झालं तरी चालेल, एकत्र यायला हवं.

प्रतिसाद 1: मग बफर, म्हणजे वाजवण्याआधी साठवून ठेवायचा आवाज, 1000 चा 2000 मिलिसेकंद करा, उशीर दोन्हीकडे सारखाच होईल. आणि जमलं तर माळ्यावरून वायफायऐवजी लॅनची (नेटवर्कची) वायर टाका, गणपतीच्या आधी एक दुपार पुरेल.