तान्ह्या पोळ्याले पोट्ट्याले न्यावं का? अन् ते सात हजाराचे कार्डं

आर्वीकडची माय :
लंबं लिहून राह्यली, वाचाल तं वाचा. माझा पोरगा सहा वर्षांचा आहे, ऑटिझम, म्हणजे कागदावर स्वमग्नता लिहितात ते. शब्द म्हणाल तं चार-पाच, तेही त्याच्या मनात आलं तं. मागच्या वर्षी नागपूरच्या एका सेंटरवर नेलं, तिथं सोशल स्किल अन् कम्युनिकेशनच्या चित्रकार्डांची पेटी घ्यायला लावली, सात हजाराची. घरी येऊन उघडली तं पेंग्विन, स्ट्रॉबेरी, बर्फातलं घर, अन् ‘हॅलो, हाऊ आर यू’. आता माझ्या पोरानं उभ्या जन्मात पेंग्विन पाह्यला नाही, तो पेंग्विन मागून करणार काय?

पेटी कपाटावर ठेवली अन् मीच फोटो काढले मोबाईलवर. आमचा माठ, आमचा स्टीलचा गिलास, भाकर, चिवड्याचा डबा, झोका, बंडी, आजी, घर. अन् एका कोऱ्या कार्डावर लाल फुली, म्हणजे ‘नको’. झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट, लॅमिनेशन, शिंप्याकडून वेल्क्रो, सगळं मिळून अडीचशेच्या आत. पंधरा-वीस दिवस काहीच झालं नाही. मग एक दिवस मी दाण्याचा कूट करायला मिक्सर लावला. एरवी तो मिक्सर लागला की मनगट चावते, वळ पडेपर्यंत. त्या दिवशी धावत गेला अन् लाल फुली आणून माझ्या हातावर आपटली. मी बटण बंद केलं. कूट मग खलबत्त्यात केला, अर्धा तास गेला, पण मनगट सुखरूप होतं.

तवापासून माझं मत पक्कं झालं. अशा लेकरांले आधी मागणं अन् नाकारणं शिकवा, अन् ते त्याच्या घरातल्या वस्तूंनी. नमस्ते कर, डोळ्यात पाह्य, शेकहँड कर हे मागून, नाई आलं तरी चालते. आमच्या घरचे (म्हणजे याचे बाबा) म्हणतात कागदं दाखवून दाखवून पोट्टा मुका राहीन.

आता विचारायचं हे, की तान्हा पोळा (पोट्टे लाकडाचा नंदी घेऊन घरोघर जातात तो) आला आठ दिवसांवर. मागच्या साली लाकडाचा नंदी घेऊन दुसऱ्याच घरी असा ओरडला की अर्धी गल्ली जमली. बोजारा, म्हणजे नंदीवाल्या पोट्ट्यांले देतात ते पैसे, द्यायच्या ऐवजी बायका मलेच सल्ले देत होत्या. यंदा न्यावं का?

पऱ्हाटीवाला :
राग नका मानू ताई पण तुम्ही लयच डोक्शाले ताण देऊन राह्यल्या. आमच्या टायमाले कुठी होते कार्डं-फिर्डं? चार पोट्ट्यांत सोडलं का पोट्टं आपोआप शिकते. माह्या चुलतभाऊ पाच वर्षाचा होईस्तोर बोलला नाई, आता ग्रामपंचायतीत कोणाले बोलू देत नाई. न्या पोयाले, रडन दोन घरं, तिसऱ्या घरी गप होते.

खामगावचा बाप :
भाऊ, हे ‘आपोआप’ कृपा करून बंद करा. याच एका शब्दात आमचे चार वर्ष गेले. पोरगी नावानं हाक दिली तर पाहत नव्हती, सगळे म्हणे तुझा बाप बी उशिरा बोलला, मग कोणी म्हणे बाहेरचं आहे, मग देवऋषी, लिंबू, अंगारा, सगळं झालं. शेवटी अंगणवाडीत तपासणीची गाडी येते त्यातल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली अन् जिल्ह्याच्या दवाखान्यात डीईआयसीले पाठवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ते 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं लवकर निदानाचं केंद्र, तिथं पैसे लागत नाहीत. तुमचा चुलतभाऊ फक्त उशिरा बोलला असंल. बोट दाखवत होता का, डोळ्यानं खुणावत होता का, आईला ओढून चंद्र दाखवत होता का? आमची पोरगी यातलं काहीच करत नव्हती. फरक तिथं असतो.

पण ताई, तुमचंही एक पटलं नाही. पेटी मीही घेतली, स्वस्तातली, अन् मला ती कामाची वाटते. तुम्हाला फोटो काढणं, कापणं, चिकटवणं जमलं. आमच्याकडे बायको अन् मी दोघंही सकाळी सातला कामाला, परत येऊन सैपाक, त्यात धाकटा. रात्री दहाला कैची घेऊन कोण बसणार? पेंग्विन काढून टाकायचे, पाणी-केळं-चप्पल-झोप ठेवायचं. तयार माल म्हणजे पाप नव्हे.

अमरावतीची स्पीचवाली :
मी स्पीच थेरपिस्ट, त्यामुळे थोडं टोचेल असं लिहिते.

ताई, लाल फुली पहिल्यांदा तुमच्या हातात आली ही खरंच मोठी गोष्ट आहे. पण घरच्या कार्डांत एक चूक मी फार पाहते म्हणून विचारते, कार्डं भिंतीवर लावलीत का? आणि ‘सांग बरं पाणी कुठंय’ असं विचारता का? तसं असेल तर ती परीक्षा झाली, संवाद नाही. चित्र देऊन वस्तू घेण्याची जी पद्धत आहे, पेक्स म्हणतात तिला, अमेरिकेत 1985 मध्ये बाँडी आणि फ्रॉस्ट या दोघांनी बसवली, तिच्यात सुरुवातीला ‘काय पाहिजे?’ हे विचारायचंच नसतं. समोरचा माणूस चिवडा धरून गप्प बसतो, मुलाच्या पाठीमागे दुसरा माणूस बसतो, तो मुलाचा हात हळूच कार्डाकडे आणि मग समोरच्याच्या हातात नेतो, बोलत नाही. कार्ड हातात पडलं की लगेच चिवडा आणि तेव्हाच ‘चिवडा’ हा शब्द. मागचा हात हळूहळू काढून घ्यायचा. हे एकट्या आईनं होत नाही, दोन माणसं लागतात. तुमच्या घरच्यांना पाठीमागे बसवा, आपोआप विरोध कमी होतो (हा माझा अनुभव, नियम नव्हे).

आणि चित्रांनी मूल मुकं राहतं ही भीती जुनीच आहे. यावर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा चित्रं किंवा खुणा शिकवल्यानं बोलणं कमी झालेलं दिसलं नाही, काही मुलांत थोडं वाढलंच. त्यांच्या बाबांना एवढं नक्की सांगा.

पेटीबद्दल मी खामगावच्या दादांच्या बाजूनं. पेटी वाईट नसते, पेटी विकून मोकळं होणारं सेंटर वाईट.

आर्वीकडची माय :
मॅडम तुम्ही कॅमेरा लावला होता का हो आमच्या घरी? भिंतीवरच आहेत अन् मी तेच विचारत होती, ‘पाणी कुठी आहे, दाखव’. आज काढते.

एक अजून, स्टीलच्या गिलासाचा फोटो लावला तं आता तो फक्त त्याच गिलासानं पाणी पिते. मामाकडे दुसरा गिलास दिला तं फेकून मारला.

अमरावतीची स्पीचवाली :
फोटोचा हा तोटा आहेच, फार नेमका असतो. पाणी म्हणजे तोच गिलास असं त्याच्यासाठी ठरलं. आता तीन-चार वेगवेगळ्या गिलासांचे, बाटलीचे, लोट्याचे फोटो काढा, मागे एकच निळा रंग ठेवा, आणि आलटून पालटून वापरा. मग हळूच साधं रेषांचं चित्र. घरच्या वस्तूच वापरा हे तुमचं म्हणणं सुरुवातीला बरोबर, पण तिथंच थांबलात तर मूल घराबाहेर अडकतं.

दारव्ह्याचा मास्तर :
या सगळ्यात शाळा कुठं आली? आमची जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम 21 प्रकारांमध्ये आहे, 40 टक्के किंवा त्यावरचं प्रमाणपत्र असलं की 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे, सगळं पाठ आहे आम्हाला. पण विशेष शिक्षक येतात ते कधीतरी, त्यांच्याकडे एवढ्या शाळा की एका लेकराजवळ तासभर बसले तरी खूप. बाकीचे दिवस लेकरू आणि मी.

माझ्या वर्गात एक आहे असा. कार्डं, चार्ट काही चाललं नाही, चाललं ते पोषण आहाराचं ताट. त्याला ताटं वाटायचं काम दिलं. रोज तीच जागा, तोच क्रम, प्रत्येकाच्या हातात एक ताट. दोन महिन्यांत तो प्रत्येक पोरापुढं थांबायला लागला. आता ताट घेतलं नाही तर तो हलत नाही, मागची लाईन बोंबलते ती वेगळी गोष्ट. सोशल स्किल म्हणतात ते हेच ना? माझं स्पष्ट मत, पैसे पेटीत घालू नका, कामात घाला.

खामगावचा बाप :
गुरुजी तुमचं चांगलं आहे पण सगळ्या वर्गात तुम्ही नसता. आमच्या पोरीला वर्गातल्या पोरांनी एक घाण शब्द शिकवला अन् मधल्या सुट्टीत म्हणवून घेत, हसत. तिला वाटे सगळे आपल्याशी बोलून राह्यले, म्हणून ती घरी येऊन आनंदानं तोच शब्द. इथं कोणाला स्किल शिकवायची गरज होती सांगा.

फक्त वाचणारा, वणी :
मी कधी लिहीत नाही. मी 26 चा, मला स्वतःला ऑटिझम आहे, कळलं कॉलेजात असताना. वरच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय.

2012 मध्ये डेमियन मिल्टन नावाच्या ब्रिटिश संशोधकानं, तो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक मांडणी केली की आम्हाला तुमचं कळत नाही तसंच तुम्हालाही आमचं कळत नाही, अडचण दोन्हीकडून आहे. पण शिकवणी फक्त एकाच बाजूला लावतात. मला लहानपणी ‘डोळ्यात पाहून बोल’ म्हणून हनुवटी धरून तोंड वर करायचे. मी शिकलो. नाकाच्या शेंड्याकडे पाहायचं शिकलो, लोकांना वाटतं डोळ्यात पाहतोय. त्या वेळात समोरचा काय बोलला यातलं अर्धं ऐकूच येत नाही. ही स्किल की नाटक?

ताईंनी ‘नको’ आधी शिकवलं ते वाचून बरं वाटलं. मला ते कोणी शिकवलं नव्हतं.

पऱ्हाटीवाला :
वणीवाले भाऊ, तुमचं दोनदा वाचलं. आपोआपवाला शब्द मी वापस घेतो. पण मोबाईलबद्दल कोणी बोलून नाई राह्यलं? सेंटरवाले म्हणते ॲप टाका. मोबाईल देल्ला का पोट्टं हातचं गेलं!

अमरावतीची स्पीचवाली :
कार्टून पाहणं आणि ॲपनं बोलणं यात फरक आहे दादा. आयआयटी मुंबईनं केलेलं जेलो नावाचं ॲप फुकट आहे, मराठीत आहे, चित्र दाबलं की बोलतं. जुना फोन असेल तर तो फक्त बोलण्यासाठी ठेवा, त्यात यूट्यूब नको.

आर्वीकडची माय :
मी टाकून पाह्यलं होतं मॅडम. पण ते पुस्तकासारखं शुद्ध बोलते, अन् आमच्या घरात ‘मले पायजे’. आजी म्हणे हे कोण पुण्याची बाई आली घरात. शिवाय लाईन गेली की चार्जिंग नाई. कागदाले लाईन लागत नाई. अन् एका सेंटरवर तं आम्हाले सांगतलं होतं की घरात एकच भाषा बोला, वऱ्हाडी बंद करा, पोरगं गोंधळते.

अमरावतीची स्पीचवाली :
वऱ्हाडी अजिबात बंद करू नका. दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिझम असलेल्या मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं असं अभ्यासात दिसलेलं नाही. आजी ज्या भाषेत लाड करते ती बंद केली तर घरात त्याच्याशी बोलणारं एक माणूस कमी होतं, एवढाच परिणाम. कार्डाखाली ‘पायजे’च लिहा.

खामगावचा बाप :
मॅडम, गावात तुमच्यासारखे येणार नाहीत हे तरी मान्य करा. मग आशाताईंना शिकवलं तर?

अमरावतीची स्पीचवाली :
मान्य. आणि तसं करून पाहिलंय, गोव्यात आणि पाकिस्तानात रावळपिंडीला, 2016 मध्ये छापून आलं. तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना शिकवलं, ते आईबापाचा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ काढायचे आणि त्यांनाच दाखवून बोलायचे, सहा महिन्यांत बारा भेटी. आईबाप मुलाच्या कलानं घ्यायला लागले, मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं असं नाही, काही गोष्टी जागच्या जागी राहिल्या. पण पेंग्विनपेक्षा बरं.

दारव्ह्याचा मास्तर :
आशाताईंवर अजून एक रजिस्टर? त्यांचं मानधन वेळेवर द्या आधी. बाकी ताईंचा पोळा राहूनच गेला की.

अमरावतीची स्पीचवाली :
न्या, पण सांगून न्या. कॅरोल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेनं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सोशल स्टोरी आणल्या. त्या गोष्टीत ‘असं कर’ कमी, ‘असं होते’ जास्त. तुमच्या बोलीत आणि फोटोसकट अशी : ‘उद्या तान्हा पोळा. माझा नंदी लाकडाचा आहे. मी बाबासोबत आजीच्या घरी जाईन. आजी नंदीले टिळा लावन. मले बोजारा देईन. गर्दी झाली, आवाज झाला तं मी घराचं कार्ड देऊ शकतो. मंग आम्ही घरी येऊ.’ रोज एकदा वाचा. घरं तीनच, आधी बोलून ठेवलेली. आणि घराचं कार्ड दिलं की खरंच घरी यायचं, तिथं ‘अजून एक घर’ केलं तर कार्डाची किंमत गेली.

खामगावचा बाप :
मी नेलं नसतं. आमच्या पोरीला अशा गर्दीत नेऊन दोन दिवस जेवण बंद पडलं होतं. पण तुमचं पोरगं तुम्हाला ठाऊक.

आर्वीकडची माय :
कालच्या पोळ्याचं सांगते. तीन घरं ठरली होती. आजीकडे झालं, टिळा लावू दिला, नंदीले, स्वतःले नाई. दुसऱ्या घरी काकूनं दहा रुपये दिले, त्यानं नोट खाली टाकली अन् दाराची कडी वाजवत बसला, पण ओरडला नाई. त्या काकू म्हणाल्याच, एवढा मोठा झाला अन् पाया नाई पडत. मी गप राह्यली. तिसऱ्या घराच्या अलीकडे डीजे लागला. त्यानं कान दाबले, नंदी चाकासकट चिखलात आडवा. मी धावली, पण त्यानं एक हात कानावरून काढला, गळ्यातल्या पट्ट्याचं घराचं कार्ड उपटलं.

पऱ्हाटीवाला :
अन् मंग? गेल्या का घरी?

आर्वीकडची माय :
गेलो नं. बोजारा एकूण वीस रुपये. सासूबाई अजून बोलून राह्यल्या की तिसऱ्या घरच्यांनी वाट पाह्यली.

अमरावतीची स्पीचवाली :
कार्ड तुमच्या हातात दिलं ना? कोणी सांगितल्याशिवाय?

आर्वीकडची माय :
कोणी नाई सांगतलं. पण माझ्या नाई मॅडम, याच्या बाबाच्या हातात दिलं. नंदी धुवून आता बाबाच कार्डाले वेल्क्रो लावून राह्यले, म्हणते पट्टा ढिला झाला.